बागेत कोण चाले गं

जगन घरत आमच्याकडे आले तेव्हा मी भेंडी चिरत होते. चपला काढाव्यात की दारातूनच बोलून जावं अशा विचारात ते उंबऱ्याशी रेंगाळले. माझे यजमान विश्वजीत यांनी त्यांना आत बोलावलं. सोफ्याच्या अगदी कडेवर बसून, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून ते पंख्याकडे बघत राहिले.

नवीन पनवेलमध्ये घरतांची इमारत आहे, खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर हॉल. एरवी तिथे बारशी आणि साखरपुडे व्हायचे आणि रविवारी सकाळी आमची मंडळी उपासनेला जमायची. मंडळी म्हणजे आमचं चर्च. स्वतःची इमारत नसली तरी माणसं असली की आम्ही मंडळीच म्हणतो. कितीतरी वर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग कुणीतरी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, की इथे प्रार्थनेच्या नावाखाली लोकांचा धर्म बदलतात. त्यानंतर काही पोरं रविवारी जिन्याखाली उभी राहून वर जाणाऱ्या प्रत्येकाचं मोबाइलवर शूटिंग करू लागली. शिवी नाही, धक्का नाही, नुसतं शूटिंग. तेवढ्यानंच निम्मी माणसं यायची थांबली.

"ताई, आमाला तुमचा काय तरास नाय," घरत शेवटी म्हणाले. "माजी आई तर तुमचं कीर्तन आयकायला मागं येऊन बसायची, तुमाला म्हाईत हाय. पण आता लोकं माज्याच दारात येऊन इचारतात. मी तरी काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. ते गेले. जाताना त्यांनी विश्वजीतचा हात जरा जास्तच वेळ धरला. मी पुन्हा भेंडी चिरायला घेतली.

"तुला काहीच वाटलं नाही?" विश्वजीतनी विचारलं.

साखर संपली का ते बघायला डबा उघडावा तसं मी आत बघितलं. काही नव्हतं.

तेव्हा नव्हतं आणि त्याआधीही बरेच महिने नव्हतं. रेवा गेल्यापासून. रेवा आमची एकुलती एक. खारघरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. पावसाळा संपता संपता ती विद्यार्थ्यांना पक्षी दाखवायला कर्नाळ्याला घेऊन गेली. मुलं बसनं परतली, ही आपल्या स्कूटरवर. महामार्गावर मागून ट्रेलर आला. याहून जास्त मला सांगता येत नाही, कारण याहून जास्त मला कळलेलंच नाही. दफनाच्या दिवशी, आलेल्या सगळ्यांना चहा मिळाला का, ते मी बघत होते. बायका म्हणत होत्या, रडून घ्या, मोकळं वाटेल. माझी काही ना नव्हती. रडू येत नव्हतं. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग आपण आपलाच गाल बोटानं दाबून बघतो, तसं मी मधूनमधून स्वतःला दाबून बघायची.

प्रार्थना सोडली नव्हती. रोज सकाळी गुडघे टेकत होते, शब्द म्हणून होत होते, उठून कुकर लावत होते. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, अनुग्रह साळवे तरुण आहेत, माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी एकदा घाबरत घाबरत विचारलं होतं, देवावर राग आहे का? राग असता तर बरं झालं असतं. रागात निदान समोर कुणीतरी असतं.

घरतांनी हॉल बंद केल्यावर आठवड्याभरात पाळकसाहेब आमच्याकडे आले. सोबत नीता होती. नीता मंडळीतलीच, एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि गोड गाते. पाळकसाहेबांनी दुसरे हॉल पालथे घातले होते. कुठे तारीख नव्हती, कुठे रंगकाम निघालं होतं, कुठे मालक गावाला गेले होते. ईस्टर तोंडावर आला होता. काहींनी मुंबईच्या चर्चची वाट धरली होती, काहींनी मोबाइलवरच उपासना करू या म्हणून टुमणं लावलं होतं आणि काहींनी फोन उचलणंच सोडलं होतं.

ईस्टरच्या पहाटे आम्ही दरवर्षी दफनभूमीत जातो. ही आमची जुनी रीत. आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची, उजाडताना एकमेकांना म्हणायचं, प्रभू उठला आहे, आणि दुसऱ्यानं म्हणायचं, खरोखर उठला आहे. मग तिथून हॉलवर यायचं आणि हॉलवर माझं कीर्तन व्हायचं. पाळकसाहेबांचं म्हणणं होतं की यंदा कीर्तनही तिथेच करू. ती जागा आपलीच आहे, तिथून कोण उठवणार?

"तुम्ही उभ्या राहिलात तर लोक येतील, ताई," ते म्हणाले. "माझं प्रवचन ऐकायला कुणी घाबरत घाबरत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. आणि या ईस्टरला माणसं आली नाहीत तर ही मंडळी फुटलीच म्हणायची."

कीर्तनाबद्दल थोडं सांगायला हवं. माझे वडील जालन्याकडच्या खेड्यांत ख्रिस्ती कीर्तनं करत हिंडले. येशूची गोष्ट माणसांना त्यांच्याच चालींत गाऊन सांगायची. आधी पूर्वरंगात एखाद्या वचनाचं निरूपण, मग उत्तररंगात आख्यान म्हणजे गोष्ट, आणि मध्ये साक्या, दिंड्या, ओव्या. मी त्यांच्याकडूनच शिकले. नुसतं बोललेलं प्रवचन मला फार वेळ ऐकवत नाही. ते डोक्यात जातं आणि डोक्यातच राहतं. गायलेलं वाक्य पोटात उतरतं. लहानपणापासून मला देव असाच कळत आला, पेटीच्या सुरावर आणि झांजेच्या ठेक्यावर.

कीर्तनकाराच्या मागे झील धरणारं माणूस लागतं. पुढचा ओळ टाकतो, मागचा ती उचलतो. माझी झील रेवा धरायची, परकर-पोलक्यातली होती तेव्हापासून. माझ्या मागे, उजव्या हाताला, झांज घेऊन. वडिलांनी रचलेलं ईस्टरचं एक पद आहे. येशूची शिष्या मरिया पहाटे त्याच्या रिकाम्या कबरीपाशी, बागेत रडत उभी आहे, तिला कुणीतरी चालताना दिसतं आणि तिला वाटतं माळीच असेल, पण असतो तो उठलेला येशू. कीर्तनकारानं विचारायचं, "धोंड सरली, पहाट झाली, बागेत कोण चाले गं?" आणि मागून झील यायची, "तोच गं, माझा तोच." असं तीनदा. तिसऱ्या वेळी मी शेवटचा सूर लांबवायची आणि रेवा मुद्दाम उशीर करायची. लोकांचा श्वास अडकायचा. मग ती हळूच उत्तर द्यायची आणि घरी आल्यावर मी तिला रागवायची, की एक दिवस माझा श्वास संपेल आणि तुझं उत्तर राहून जाईल.

पाळकसाहेबांना मी खरं तेच सांगितलं. उभं राहायला माझी ना नाही, पाय धड आहेत. पण वडिलांची एक ताकीद होती. जे पद आतून लागत नाही ते त्या दिवशी घ्यायचं नाही, दुसरं घ्यायचं. इतर दिवशी ते जमतं. ईस्टरला दुसरं आख्यान कुठून आणू? "तो उठला, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार, आणि हाताखाली काही नाही. हे मला जमायचं नाही."

पाळकसाहेबांनी मला वचनं ऐकवली नाहीत याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"झील मी धरू का, काकू?" नीतानं विचारलं.

"नको," मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की तिनं पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघितलं. रेवा आणि ती एका वर्गात होत्या.

ते गेल्यावर विश्वजीतनी पेटी काढली. रेवा गेल्यापासून ती दिवाणाखालीच होती. फडक्यानं पुसली, भाता दोनदा चालवून बघितला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी माझा सूर धरला. मी उभी राहिले. गळा लागला. निरूपणातल्या साक्या, बागेपर्यंतच्या ओव्या, सगळं बिनचूक येत होतं. एवढ्या वर्षांची सवय. मी प्रश्न विचारला. विश्वजीत सूर धरून थांबले. मागे भिंत होती. उत्तर आता मलाच म्हणायला हवं होतं. "तोच" हा काही अवघड शब्द नाही. मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

विश्वजीतनी भाता सोडला. पेटीतली हवा हळूहळू गेली.

"नाही म्हणालीस तरी चालेल," ते म्हणाले. "मी पाळकांना कळवतो." मग बराच वेळ पेटीच्या पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवत राहिले. "पण मग आपण दोघांनी रविवारी करायचं काय, कुमुद?"

मी पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, उभी राहते.

ईस्टरच्या पहाटे आम्ही रिक्षानं गेलो. पेटी विश्वजीतच्या मांडीवर होती. अंधार विरळ होत होता. दफनभूमीच्या फाटकाशी एक हवालदार खुर्ची टाकून बसलेला होता. कुणीतरी आधीच कळवलं असणार. त्यानं उद्धटपणा केला नाही. जांभई आवरत, कार्यक्रमाची परवानगी कुणाची आहे, असं विचारलं. पाळकसाहेब परवानगीचा अर्ज काढायला खिसे चाचपू लागले.

तेवढ्यात सोनाबाई काठी टेकत पुढे आल्या. आमच्या मंडळीत सगळ्यांत म्हाताऱ्या त्या. नवरा, दोन दीर आणि एक मुलगा, सगळे त्याच आवारात.

"इथं यायला परवानगी लागत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "वेळ आली की सगळेच येतात. तुम्ही आमच्यातले नाही, तुमची सोय दुसरीकडे असेल."

हवालदार हसला आणि खुर्ची बाजूला घेतली.

आम्ही आत गेलो तेव्हा थोडीच माणसं होती. मी मोजली नाहीत. मोजायची हिंमत पाळकसाहेबांनीही केली नाही. करंजाच्या झाडाखाली एक मोकळी जागा आहे, तिथे विश्वजीतनी चटई टाकून पेटी ठेवली. रेवाची कबर तिथून डावीकडे, कुंपणाच्या बाजूला. दगड अजून बसवलेला नाही, माती खाली बसायची वाट बघायची असते. दफनानंतर मी तिथे गेले नव्हते. त्या बाजूला पाठ येईल अशा बेतानं मी उभी राहिले. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे मला हार घातला.

नमन झालं. पूर्वरंगाला मी धोंड घेतली होती. मरिया आणि तिच्या सोबतच्या बायका सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरीकडे अंधारातून निघाल्या आणि वाटेत त्यांच्या ध्यानात आलं की कबरीच्या तोंडावरची धोंड आपल्यानं हलणार नाही. मी सांगत होते, की बघा मंडळी, धोंड कोण सारणार हे ठरवून त्या निघाल्या नव्हत्या. ती सरेल असा त्यांचा मोठा विश्वास होता असंही लिहिलेलं नाही. त्या मेलेल्या माणसाला उटणं लावायला निघाल्या होत्या. घरी बसवत नव्हतं म्हणून निघाल्या होत्या. हे बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसं. आवाज चांगला लागला होता. चिपळ्या ठेक्यात होत्या.

बोलता बोलता माणसं येत गेली. मोबाइलवर उपासना करू म्हणणारे आले, मुंबईच्या चर्चला जाऊ लागलेल्यांतले दोघे-तिघे आले. घरत नव्हते, आणि ते येतील असं कुणाला वाटलंही नव्हतं. आलेल्यांना बसायला जागा नव्हती, म्हणजे कबरींमधून चटया टाकायला नको वाटलं असेल. जो तो आपापल्या माणसापाशी जाऊन उभा राहिला. हॉलमध्ये सगळे समोर ओळीनं बसतात, मी तशीच शिकले. इथे कुणी डावीकडे, कुणी पार कोपऱ्यात, कुणी माझ्या मागे. मेणबत्त्या लागलेल्या होत्या. समोर कुणाकडे बघून गावं ते कळेना.

उत्तररंग सुरू झाला. मरिया निघाली, कबरीशी पोहोचली, आत वाकून बघितलं, आत कुणी नाही. ती बाहेर उभी राहून रडली, असं म्हणायचं होतं. मी म्हटलं. नव्या विमानतळावरून एक विमान डोक्यावरून गेलं, मला थांबावं लागलं. विश्वजीत पेटीवर नुसता सूर धरून होते. आवाज दूर गेला आणि माझ्या ध्यानात आलं, पद आलं.

"धोंड सरली, पहाट झाली, बागेत कोण चाले गं?"

मी माझी जागा सोडून अर्धी मागे वळले, उजवीकडे. सवय. कीर्तनकार झिलीसाठी वळतो तेव्हा आपण वळलो हे त्याला कळतही नाही. मागे गवत होतं, आणि त्यापलीकडे कुणाच्या तरी संगमरवरी क्रुसाशी नीता उभी होती. तिचे वडील तिथे आहेत. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मीच तिला नको म्हटलं होतं.

कीर्तनात ऐकणाऱ्यांनी मध्ये तोंड उघडायचं नसतं. भजन आलं, आरती आली की म्हणायचं. आख्यान चालू असताना कीर्तनकाराच्या ओळीत ओळ घालणं म्हणजे त्याचा अपमान करणं. आमची माणसं या बाबतीत फार शिस्तीची. वडिलांच्या वेळी एकदा कुणी मध्ये गायलं होतं तर त्याला लोकांनी बाहेर नेलं होतं. त्यामुळे सगळे गप्प. सगळ्यांना उत्तर पाठ होतं आणि सगळे गप्प.

उत्तर मी द्यायला हवं होतं. घरी जसं तोंड उघडं राहिलं होतं तसंच राहिलं. वाईट वाटत नव्हतं, भीती वाटत नव्हती. फक्त माझ्याकडे ते उत्तर नव्हतं. खोटं म्हणायला लागणारी ताकदही नव्हती. पण प्रश्न होता. प्रश्न माझाच होता, किती महिने तोच होता, कर्नाळ्याच्या रस्त्यापासून. तो मला खोटा म्हणावा लागत नव्हता. म्हणून मी तोच पुन्हा म्हटला.

"बागेत कोण चाले गं?"

विश्वजीतनी माझ्याकडे बघितलं. पद असं नाही. प्रश्नावर प्रश्न कधी येत नाही. त्यांनी सूर सोडला नाही. पाळकसाहेब पुढे होऊन काही बोलणार असं दिसलं, मग तेही थांबले. मेणबत्तीवर हात आडवा धरून उभी असलेली एक बाई रडायला लागली. मला तिचा हेवा वाटला नाही.

मी तिसऱ्यांदा विचारलं. शेवटचा सूर लांबवला. लांबवत राहिले. श्वास संपत आला.

"अगं, तोच गं," सोनाबाई मागच्या कोपऱ्यातून म्हणाल्या. गायल्या नाहीत, वैतागून म्हणाल्या, लहान पोराला किती वेळा सांगायचं तसं. "तोच. दुसरं कोण येणार एवढ्या पहाटेचं?"

कुणीतरी हसलं. कुणीतरी हसू दाबलं. काठीवर दोन्ही हात ठेवून सोनाबाई नवऱ्याच्या कबरीशी उभ्या होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण आख्यानात बोललो, कारण त्यांनी मग चूक दुरुस्त केली. गायल्या. त्यांचा सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीत नव्हता. चालही भलतीच, कुठल्याशा लग्नातल्या गाण्याची. "तोच गं, माझा तोच." विश्वजीतची बोटं पट्ट्यांवर इकडेतिकडे तो सूर शोधत पळाली, सापडला नाही तेव्हा त्यांनी जवळचा कुठला तरी धरला.

मी पुन्हा विचारलं. आता मला थांबताच येत नव्हतं. या वेळी उत्तर दोन-तीन ठिकाणांहून आलं, वेगवेगळ्या वेळी. कुंपणाकडून एक पुरुषी आवाज, फाटकाकडून एक. मग मागून, उजव्या बाजूनं नीताचा. ती नेमक्या सुरात होती. ते उत्तर माझ्या पाठीवर आलं. हॉलमध्ये एकाच ठिकाणाहून यायचं, एकसारखं यायचं. इथे ते तुकड्यातुकड्यांनी येत होतं, ज्याच्या त्याच्या माणसाच्या कबरीपासून, कुणाचं आधी, कुणाचं मागाहून. मी विचारत होते आणि ते सांगत होते. माझ्यात काही हललं असं मी म्हणणार नाही. नाही हललं. पण मला ऐकू येत होतं, आणि या वेळी ते शेजारच्या घरातलं नव्हतं. जवळून येत होतं.

किती वेळा विचारलं ते आठवत नाही. विश्वजीतनी शेवटी ठेका आवरला, म्हणून थांबले. आरती झाली, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. लोक एकमेकांकडे जाऊन हात धरू लागले, प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे. माझ्यापाशी आले तेव्हा मी पहिलं वाक्य म्हणत होते आणि दुसरं त्यांच्यावर सोडत होते. कुणाच्या लक्षात आलं असेल तर कुणी दाखवलं नाही.

सोनाबाईंनी उकडलेली अंडी आणली होती, लाल रंगवलेली. चटईवर बसून त्या वाटत होत्या. हवालदार आत आला. त्यानं मोबाइल खिशात टाकत विश्वजीतना सांगितलं, की शूटिंग करावं लागलं, वरून मागितलंय, राग मानू नका. मग सोनाबाईंच्या शेजारी उकिडवा बसून त्यानं विचारलं, "आजी, तो माळीच होता ना शेवटी?"

"ते मी तुम्हाला सांगितलं," सोनाबाई अंडं सोलत म्हणाल्या, "तर उद्याच्या अर्जात माझं नाव येईल." आणि सोललेलं अंडं त्याच्या हातावर ठेवलं.

"जायचं?" विश्वजीत मला म्हणाले.

आम्ही कुंपणाकडे गेलो. माती बरीच खाली बसली होती. कुणीतरी आमच्या आधी येऊन झेंडू ठेवून गेलं होतं. आम्ही दोघं उभे राहिलो. मी स्वतःला पुन्हा एकदा दाबून बघितलं आणि मग दाबणं सोडून दिलं. विश्वजीत हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होते. मी ऐकलं नाही, ते तिच्याशी बोलत होते.

परत आलो तर पाळकसाहेब माणसांच्या घोळक्यात होते. पुढच्या रविवारचं चाललं होतं. इथे दर आठवड्याला जमता येणार नाही हे उघडच होतं. कुणी म्हणालं उद्यानात, कुणी म्हणालं दोन-दोन घरं मिळून. ज्यांच्याकडे दिवाणखाना मोठा होता ते जमिनीकडे बघत होते. त्यांना मी दोष देत नाही, त्यांची मुलं शाळेत जातात, खालच्या मजल्यावर सगळ्या तऱ्हेचे शेजारी असतात.

"आमच्याकडे या," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. पाळकसाहेब म्हणाले, ताई, विचार करा, तुमची सोसायटी आहे, लोक खाली उभे राहतील, वर येतील, सेक्रेटरी नोटीस देईल.

"देऊ दे. नोटिशीला उत्तर आपण देऊ. पण कीर्तनाला उत्तर तुम्ही द्यायचं, सगळ्यांनी. मी विचारीन फक्त. मला सध्या एवढंच येतंय."

सोनाबाई म्हणाल्या, अंडी मी आणते. नीतानं, झांज कुठे ठेवली आहे, असं विचारलं, आणि मी तिला सांगितलं की घरी आहे, कपाटाच्या वरच्या खणात.

रिक्षात पेटी पुन्हा विश्वजीतच्या मांडीवर होती. ऊन चढायला लागलं होतं. उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, एवढी माणसं बसायची म्हणजे दिवाणखाना पुरणार नाही. रेवाची खोलीसुद्धा उघडावी लागेल. तिचा पलंग बाहेर काढावा लागेल.

सिग्नल सुटला.

"बाहेर कशाला," विश्वजीत म्हणाले. "भिंतीला उभा करून ठेवू."